कापसाच्या खोलीतलं वजन

साठवलेल्या कापसाला पहाटे एक निराळा वास येतो. दिवसभर उन्हात राहून घरात आलेल्या कापसाचा वास कोरडा, नाकाला खाजवणारा; पहाटेचा मात्र थंड, किंचित ओलसर, सरकीच्या तेलाची पुसट छटा असलेला, झोपेतल्या तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा. दिवाळी सरली की आंजी गावातल्या आमच्या घरातली पुढची खोली माणसांची राहत नाही. कापूस आधी तिचा एक कोपरा मागतो, मग खिडकी झाकतो, आणि मार्गशीर्षाच्या धुक्यात केव्हातरी छताला जाऊन टेकतो. दाराजवळ जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा उरते आणि त्या जागेत बाबांचा वजनकाटा असतो: लोखंडी चौकोनी पाट, त्याला जोडलेला खांब, खांबावर लाल आकड्यांची पेटी. संध्याकाळी त्यावर वेचणाऱ्या बायकांची गाठोडी चढत. पहाटे, घर जागं होण्याआधी, मी चढत असे.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी माझे रक्ताचे कागद पाहून सांगितलं होतं की साखर सीमेवर आहे, वजन उतरवलं तर ती सीमा ओलांडावी लागणार नाही. मी ऑफिसातून परस्पर गेले होते आणि घरी कुणाला काही बोलले नाही. माझा स्वभावच तसा. लहानपणापासून इंग्रजी शाळेच्या व्हॅनमधून ये-जा केलेल्या मुलीचं गावात एक परकेपण असतं. ती पुरेशी गावची नसते आणि शहराचीही होत नाही, म्हणून हळूहळू ती आपलं सगळं आत ठेवायला शिकते. व्यायामशाळेतल्या आरशांसमोर अनोळखी माणसांच्या शेजारी उभं राहणं मला जमलं नसतं. मोबाइलमधलं एक अॅप मात्र मला काही विचारत नव्हतं. मी खाल्लेला प्रत्येक घास त्याला सांगायचा आणि त्याने त्याच्या कॅलरी मोजायच्या, एवढाच आमचा संबंध. त्याला पास्ता ठाऊक होता, आंबाडीची भाजी ठाऊक नव्हती. तुरीच्या सोल्यांची आमटी त्याच्या जगात अस्तित्वातच नव्हती, आणि आई फोडणीत घालते त्या 'असंच थोडंसं' तेलाला तर कुठल्याच भाषेत माप नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात एक लहान काटा आणला. भाकर तोलून घेऊ लागले. आई चुलीशी बसून बघायची.

आणि मी चालू लागले. गावाबाहेर पांदणीचा रस्ता आहे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी दुभंगलेला, दोन्ही बाजूंना तूर. पहाटे तुरीच्या पिवळ्या फुलांवर दव असतं आणि पहिला प्रकाश आकाशातून न येता त्या फुलांतूनच वर येतो आहे असं वाटतं. सुरुवातीला मला त्या रस्त्याची भीती वाटे. रानडुकराची, कुत्र्यांची, आणि सर्वांत जास्त समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाची. पण शरीर मनाच्या आधी धीट होतं. पौषापर्यंत मी त्या रस्त्याने धावू लागले होते, धाप कमी झाली होती, पायांच्या आत कुणीतरी तारा घट्ट केल्यासारखं वाटत होतं. परत आल्यावर काट्यावर उभं राहायचं, लाल आकडे थरथरून स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. आकडा उतरलेला असे. तो आनंद मी कुणाला दाखवला नाही. चेहरा ताठ ठेवून काट्यावरून उतरायची मला सवय झाली होती.

गावाच्या नजरेला मात्र हे सगळं वेगळं दिसत होतं. एका संध्याकाळी वेचाईच्या बायकांतल्या शेवंताबाईंनी गाठोडं काट्यावर टाकता टाकता आईला ऐकवलं, "वहिनी, तुमची पोरगी पऱ्हाटीवानी झाली ना ओ. बोंडं गेली, काड्या राह्यल्या."

बायका हसल्या. आईही हसली, पण उशिरा. मी दाराआड उभी होते आणि मला ते कौतुकासारखं वाटलं.

कपडे ढगळ झाले तसे मी आईच्या शिलाई मशीनपाशी नेऊन ठेवले. एका रविवारी दुपारी ती माझ्या कुडत्यांना आतून टीप मारत होती आणि खिडकीतून आलेलं ऊन मशीनच्या चाकावर फिरत होतं. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी शिवून झालेले कपडे घड्या घालायला घेतले. त्यांत तिचा एक ब्लाऊज होता. उलटा. काखेपासून खाली जुन्या शिवणीच्या आत एक नवी शिवण होती, आणि नव्या शिवणीच्याही आत आणखी एक, अगदी ताजी, पांढऱ्या दोऱ्याची, कारण लाल दोरा संपला असावा. मी त्या दोन शिवणींमधल्या अंतरावर बोट ठेवलं. कापड तिथे फिकं पडलेलं नव्हतं; ब्लाऊज एवढ्यातच आत घेतला होता, तोही दोनदा. बाहेर हरभऱ्याच्या शेतावरून वारा आला, आंबूस वासाचा, आणि आई परतायच्या आत मी ब्लाऊज घडी करून ठेवला.

भीती एकदा शिरली की ती सगळीकडे पुरावे शोधत हिंडते. आईच्या बांगड्या पूर्वी मनगटाशी बसायच्या, त्या आता पीठ मळताना कोपराकडे घसरत होत्या. मंगळवारी वर्ध्याच्या बाजाराला तिला घेऊन निघाले तेव्हा ती मागे बसली आणि गाडी दबलीच नाही. आमची स्कूटी जुनी आहे. आई बसली की ती एक खोल उसासा टाकून खाली जात असे आणि मी पाय रोवून तोल सांभाळत असे. त्या दिवशी मी पाय रोवले आणि काही झालं नाही. मी मान वळवून पाहिलं, आई बसली आहे ना म्हणून. ती बसली होती. "चाल ना वं," म्हणाली.

माझी आत्या अशीच गेली होती. आधी तिच्या बांगड्या मोठ्या झाल्या. तेव्हा मी शाळेत होते. आत्याला दवाखान्यात न्यायची ती आईच, आणि घरी येऊन बाबांना हळू आवाजात सांगायची ती एकच गोष्ट मला आठवते, आज किती भरली. आमच्या घरात माणसाचं वजन त्यापूर्वी कधी कुणी केलं नव्हतं.

माझ्या ताटातल्या प्रत्येक कणाची मोबाइलमध्ये नोंद होती आणि माझी आई काय खाते हे मला माहीत नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून जेवते, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. ती जेवते असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. मी विचारलं तर "जेवलो ना" म्हणे. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, पुरुषासारखं क्रियापद वापरून, आणि शाळेत असताना मला त्याची लाज वाटे. आता त्या शब्दामागे काय आहे ते मला ऐकू येईना, एवढंच.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कापसाकडे बघत म्हटलं, "वेचाईचे दिवस हायेत. धावपळ होते." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. आईला दवाखान्यात चल म्हटलं की तिला नेमकं कुठलंतरी काम निघे. शेवटी एका सकाळी मीच तिची चप्पल दारात काढून ठेवली आणि गाडी सुरू करून उभी राहिले.

दवाखान्यात परिचारिकेने तिला काट्यावर उभं केलं. आई चढताना माझा हात घट्ट धरून होती आणि तिची बोटं गार होती. परिचारिकेने आकडा मोठ्याने वाचला. मी मनात त्याच्या शेजारी मागचा आकडा ठेवू पाहिला आणि लक्षात आलं, मागचा आकडाच नाही. माझे इतक्या महिन्यांचे आकडे रांगेने जपलेले होते. आईची ती पहिली नोंद होती. ती कुठून निघून इथवर पोहोचली आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. "काकू, दिवसातून किती वेळा जेवता?"

"जेवतो ना."

"किती वेळा?"

"सकाळी जेवतो."

"आणि रात्री?"

आई टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिली. "रातचं सोडलं हाय."

"कशासाठी?"

आईने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "इच्या अंगाले लागेपर्यंत. मातामायपाशी नवस बोललो हाय मी." मग डॉक्टरीणबाईंकडे किंचित झुकून, मी तिथे नसल्यासारखी, ती म्हणाली, "इले काई झालं हाय. सांगत नाई. रोज पहाटे चोरून काट्यावर उभी राह्यते, तोंड असं करून. इच्या आत्याले बी असेच तोलत होते. तुमी इले तपासा ना. मले काई नाई."

पंखा फिरत होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसू आवरलं, पण त्यांच्या डोळ्यांत ते हसू टिकलं नाही. उपासाने वजन उतरतं, त्या म्हणाल्या, पण सगळं त्यानेच उतरलं असं मी आज सांगणार नाही. रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. पुढच्या आठवड्यात कागद आले त्यांत भिण्यासारखं काही दिसलं नाही. "महिनाभर दोन्ही वेळा जेवू द्या त्यांना," मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या. "मग पुन्हा वजन करू. नाही वाढलं, तर आणखी शोधावं लागेल."

तपासणीच्या दिवशी परतताना पवनारच्या बाजूने येणारा वारा अंगावर होता. मी तिला सारं सांगितलं, तेव्हा आई मागून म्हणाली, "म्हंजे तू मुद्दाम वाळून राह्यली?"

"हो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. साखरेसाठी."

"मंग सांगाले काय झालं होतं?" थोडं पुढे गेल्यावर, जवळजवळ स्वतःशीच, "आता मातामायले काय सांगू मी?"

तिने मातामायला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. गावच्या निंबाखाली त्या देवीचं ठाणं आहे, तिथे जाऊन आली, कपाळाला कुंकू होतं. त्या संध्याकाळपासून आम्ही समोरासमोर बसून जेवू लागलो. माझी भाकर मी अजून तोलतेच, पांदणीने धावतेही. ते थांबवण्याचं कारण नव्हतं, आणि माझी साखर आता सीमेच्या अलीकडे आहे. आईला हे पटलं आहे असं नाही. "खाय ना अजून एक," म्हणते, मी नको म्हटलं की माझ्याकडे डोळे बारीक करून बघते, आणि मग मी तिच्या ताटाकडे बोट दाखवते, तसा नाइलाजाने ती स्वतः एक घास मोडते. मी तिचे घास बघते. ती वरण ओतून घेते तेव्हा, तूप लावते तेव्हा, पाणी जास्त पिते तेव्हा. इतके दिवस आकडा उतरावा म्हणून जी पहाटे उठत होती, तीच मी आता एक आकडा चढावा म्हणून उठते, आणि हे जागेपण त्याहून फार जड आहे. कधी भांडी घासताना आई मध्येच थांबून पाठीवर हात ठेवते आणि माझ्या हातातलं जे असेल ते हातातच राहतं. कागदांत काही नव्हतं. पण आत्याच्याही पहिल्या कागदांत काही नव्हतं.

आज महिना झाला. चार दिवसांपूर्वी गाडी येऊन कापूस घेऊन गेली. पुढची खोली रिकामी आहे, बोललं तर आवाज भिंतींवरून परत येतो. खिळ्यांना, दाराच्या फटींना पांढरे धागे चिकटून राहिले आहेत. काटा तसाच दाराजवळ आहे. दवाखान्यात जायला वेळ होता. आई बाजाराची पिशवी घेऊन तयार होऊन आली, लाल काठाचं लुगडं, मोगऱ्याच्या तेलाचा वास. मी काट्याकडे पाहिलं आणि तिने मला पाहताना पाहिलं.

"माणसाले तोलू नाई," ती म्हणाली. मग तिने पिशवी खाली ठेवली. "तुले पाह्यचंच असन, तर तूबी चढ. एकटी नाई उभी राहत मी त्याच्यावर."

आम्ही दोघी चढलो. पाट दोघींना पुरेसा नव्हता, म्हणून तिने मला कमरेशी धरलं आणि मी तिला. माझ्या हाताखाली तिच्या बरगड्या होत्या, श्वासाबरोबर उघडमीट करणाऱ्या. लाल आकडे वर गेले, थरथरले, दोन माणसांच्या श्वासांमुळे त्यांना स्थिर होता येईना. "किती झालं वं?" आईने विचारलं. मी सांगितलं. "गाठोडं चांगलं भरलं," ती म्हणाली आणि हसली, आणि तिचं हसू मला माझ्या अंगात जाणवलं.

माझं वजन मला पाठ होतं. वजा करायला एक क्षण लागला असता. वर्ध्याला पोहोचल्यावर ते कळणारच होतं, परिचारिका मोठ्याने वाचणारच होती. मी वजा केलं नाही. खिडकीतून माघातलं मऊ ऊन रिकाम्या फरशीवर येऊन पडलं होतं आणि एवढ्या वेळापुरता तो आकडा दोघींचा होता, त्यातलं कोण कमी आणि कोण जास्त हे त्याला सांगता येत नव्हतं.

"चाल, उशीर होईन," म्हणत आईने माझ्या कमरेभोवतीचा हात सोडला. आधी ती उतरली. आकडा माझ्या एकटीच्या वजनाकडे घसरू लागला, आणि तो थांबण्याआधी मी डोळे मिटले.