मामा, मामी आणि नेपाळची चौकी

कागदावर माझ्या उदगीरच्या मामांइतकी श्रद्धा सबंध मराठवाड्यात दुसऱ्या कुणाची नसेल. सकाळी शिवपूजा आणि संध्याकाळी कागदपूजा, हा त्यांचा नेम. किराण्याचं दुकान बंद केलं की मामा खाकी पिशवी घेऊन बसत. रेशनकार्ड, दाखले, पावत्या उलगडून पुसत आणि होत्या त्याच घडीवर पुन्हा मिटवून ठेवत. लग्नाला निघाले तरी पिशवी काखेत. मी चेष्टा केली की म्हणत, "हसायलास, पण नाक्यावर अडवलं म्हंजी कळंल." निजामाच्या काळात सोलापूरहून येताना सरहद्दीच्या नाक्यावर त्यांच्या वडलांना परवान्याची एक चिठ्ठी नव्हती म्हणून दिवसभर उन्हात बसवून ठेवलं होतं. लहानग्या मामांनी ते पाहिलं, आणि त्यानंतर त्यांना जिथे तिथे नाकेच दिसत राहिले.

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळं गाव पेढे खात होतं आणि मामा तहसिलीत भांडत होते. रेशनकार्डावर जिल्हा उस्मानाबाद आणि आपण राहतो लातुरात, हे त्यांना सोसेना. "म्या मधीच लटकून राहिलो साहेब, आधी मला जिल्ह्यात घ्या," असं त्यांनी कारकुनाला बजावलं. त्याने कंटाळून उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं, तर मामांनी खाडाखोडीवर सही-शिक्का मागितला. तो मिळाल्यावरच ते पेढा खायला बाहेर आले.

पुढे दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, बाजार ओस पडला, दुकानात माश्या मारत बसायची वेळ आली. तेव्हा मामींनी आयुष्यातला एकुलता एक हट्ट धरला, पशुपतिनाथाचा. त्यांचे वडील देगलूरहून तिथे जाऊन आले होते. पुढच्या खेपेला लेकीला नेणार होते, पण त्याआधीच लेकीचं लग्न झालं. "गिऱ्हाईक न्हाई, पाणी न्हाई. आता न्हाई गेलो तर कवा जानार?" मामी म्हणाल्या. यात्रेची बस ठरली. नेपाळात जायला आपल्याला कसलाही कागद लागत नाही, असं मी परोपरीने सांगितलं. "परमुलूख हाय त्यो," म्हणत मामा कागद जमवतच राहिले. मामींचा देगलूरच्या शाळेतला जुना उर्दू दाखलासुद्धा त्यांनी शोधून आणला आणि त्याचा मराठी तर्जुमा करून घेतला. हिंदी बोलायला म्हणून मला बरोबर घेतलं आणि वाटभर स्वतःच बोलले.

सीमेवरच्या चौकीतल्या शिपायाने बसमध्ये डोकावून 'जा' म्हणून हात हलवला. बस हलणार तोच मामा ओरडले, "ठैरो! कागदां देखेच नहीं तुम!" आणि पिशवी घेऊन खाली उतरले. मामी आणि मी त्यांच्या मागोमाग. चौकीतल्या साहेबाचा बहुधा वेळ जात नव्हता. तो एकेक कागद वाचायला लागला आणि मध्येच थांबला. रेशनकार्डावर बायकोचं नाव शिवकांता, शाळेच्या दाखल्यावर भागीरथी.

"ये तो दो औरतें हैं. दूसरी कहाँ है?"

"साब, दोनों एकीच हैं!" मामांना घाम फुटला. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, हे मी माझ्या हिंदीत सांगून पाहिलं. साहेबाला त्यातले तांदूळ तेवढे कळले. मामा पिशवीतून कागद काढत गेले आणि प्रत्येक कागदाने गुंता वाढवला. मतदार यादीच्या नकलेत तर मामींचं वय मामांच्या आईएवढं निघालं. "इनको यहीं रोको, बस जाने दो," साहेब म्हणाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. समोर नेपाळची कमान दिसत होती आणि मामी तिच्याकडे बघत उभ्या होत्या. मला मामांचा इतका राग कधीच आला नव्हता.

अखेर साहेबाने कागद बाजूला सारले. "माताजी, आप ही बताइए. आपका नाम क्या है?"

मामा नुसते ओठ हलवून 'शिवकांता' असं सुचवत होते. मामींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि साहेबाकडे तोंड केलं.

"भागीरथी," त्या म्हणाल्या. "माझ्या बापानं ठेवलेलं. बदललं तवा मला कुनी इचारलं न्हाई."

साहेबाला मराठी किती कळलं कोण जाणे. त्याने सगळे कागद गोळा करून पिशवीत भरले आणि पिशवी मामींच्या हातात दिली. "जाइए, भागीरथीजी."

काठमांडूपर्यंत पिशवी मामींच्याच मांडीवर राहिली. अभिषेकाच्या वेळी पुजाऱ्याने बायकोचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी घसा खाकरून 'भागीरथी' असं सांगितलं. उदगीरला परतल्यावर घरातही तीच हाक सुरू झाली. गल्ली हसली, मामी लाजल्या, पण ओ मात्र चटकन द्यायच्या. ती हाक आणि ती ओ ऐकायला मी मुद्दाम उदगीरला जात असे.

मामी गेल्या तेव्हा मृत्यूच्या दाखल्यासाठी मी मामांबरोबर नगरपालिकेत गेलो. कारकुनाने विचारलं, "रेशनकार्डावरचं शिवकांताच घालू ना?" आता मामा भांडणार, दोन्ही नावं घालायला लावून वर शिक्का मागणार, अशी माझी खात्री होती. मामांनी खिडकीचा गज धरला.

"घाला जे असंल ते," ते म्हणाले. "तिचं नाव मला म्हाईत हाय."

आणि दाखला न घेताच ते पायऱ्या उतरले.