'इतर'च्या कप्प्यातले मास्तर

देवाने माणसं नाही, सूर जन्माला घातले, अशी आमच्या शेजारच्या मास्तरांची ठाम खात्री होती. अमरावतीच्या एका चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत. कान मात्र चोवीस तास कामावर असत. भाजीवालीची हाक, कुकरची शिट्टी, माझ्या बायकोचा संताप, सगळ्यांची पट्टी ते सांगत. "वहिनी आज काळी पाचमधी हायेत, तुमी जरा उशिरा जा घरी," असा सल्ला फाटकातच मिळे आणि तो कधी चुकला नाही.

या गृहस्थाने येशूची भजनं रचून कॅसेट काढली आणि पंचाईत झाली. चर्चवाले म्हणाले, ढोलकी-टाळ आहेत, देवळातलं वाटतं. बाजारातले कॅसेटवाले रफीकभाई म्हणाले, "मास्तर, येशू का नाम है, भक्तिगीतों में कौन लेगा?" त्यांनी ती तळाच्या 'इतर' कप्प्यात टाकली, इंग्रजी शिकवणाऱ्या कॅसेटशेजारी. मास्तर दर शनिवारी दुकानात जाऊन गुपचूप ती भक्तिगीतांत ठेवत आणि रफीकभाई ती पुन्हा खाली नेत. "चर्चच्या भिंतीबाहेर माया गान्याले एक मानूस भेटला पायजे, बस," मास्तर म्हणत. मला हसू येई, पण खरंच कोणी भेटतं का, याची उत्सुकताही लागून राहिली होती.

मग तिवशाजवळच्या गावात माझ्या मित्राचा धाकटा भाऊ गेला. कापसाच्या त्या वाईट वर्षांत गावंच्या गावं गप्प झाली होती. तेरवीला मास्तरही सोबत आले. भजनी मंडळ बसलं आणि दुसऱ्याच भजनाला त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. चाल त्यांची, शब्द त्यांचे, फक्त 'येशू'च्या जागी 'विठू'! आता हे भडकणार, म्हणून मी धास्तावलो. मास्तरांनी शेजाऱ्याचे टाळ मागून घेतले आणि खुशाल गाऊ लागले. मंडळ 'विठू' म्हणे, हे 'येशू'. इतके दिवस कोरडी बसलेली त्या पोराची आई तेव्हा पहिल्यांदा हमसून रडली.

नंतर मंडळाचे बुवा म्हणाले, "अमरावतीहून आनली कॅसेट, भक्तिगीतातून. चाल भल्ली गोड. नाव तेवढं आमचं घातलं."

एसटीत मी विचारलं, "राग नाही आला?"

"कावून येईन? थे माय मोकळी झाली ना." मास्तर म्हणाले. अमरावती येईपर्यंत त्यांनी हॉर्नचीसुद्धा पट्टी सांगितली नाही.

रफीकभाईंनी हे सगळं ऐकलं आणि स्वतःच्या हाताने उरलेली कॅसेट वर भक्तिगीतांत ठेवली. "अब वहीं रहने दो," म्हणाले. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात आणि मास्तरही राहिले नाहीत. त्यांची फार आठवण येते. परवा कुकरची शिट्टी झाली तशी बायको थबकली. "कोणती पट्टी हो ही?" म्हणाली. आम्हा दोघांनाही सांगता आली नाही.