गोळीनंतरचा फोन

मुलांनो, परवा फोनवर तुमच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर तुम्हाला वाटेल, आजीनं लक्षच दिलं नाही.

आज सकाळी फोनजवळच्या वहीत एक ओळ दिसली : ‘ईराचा पुढचा दात पडला. खूप रडली.’ अक्षर माझंच, पण वाकडंतिकडं. तुमच्याकडे सकाळ होते, तेव्हा मी झोपेची गोळी घेतलेली असते. उशिरा घेतली तर दुसऱ्या दिवशी पाय लटपटतात.

आजोबा गेल्यावर गेलेली झोप या गोळीनं परत आणली. आता भाजीत मीठ दोनदा पडत नाही. पण गोळ्यांच्या पाकिटातला कागद मी भिंगाखाली पूर्ण वाचला आणि ‘गोळीनंतरचं विसरायला होऊ शकतं’ या ओळीखाली रेघ मारून डॉक्टरांना दाखवली. ते हसले. “आजी, हा कागद वाचून कुणाला झोप लागेल का? दोन्ही हातांत लाडू कसे मिळतील?”

खरं आहे. पण तो दात काही पुन्हा पडायचा नाही. ईरा रडत असताना मी तिची काय समजूत घातली, ते आता फक्त तिलाच ठाऊक. आणि गोळी सोडायचा मला धीर होत नाही. जागून काढलेल्या रात्रीनंतर मी भेटेल त्याच्यावर खेकसते.

एवढं मात्र अजून आहे : नुसती ‘आजी’ अशी हाक आली, तरी तुमच्यापैकी कोण बोलतंय ते मला कळतं.