वीतभर पाण्यातला उजेड

दिपमाला बोरसे धुळ्याच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. अमळनेरहून बसने येते, तास संपले की निघते. मी गणित शिकवते. दोन वर्षं एका टेबलावर डबा खाल्ल्यावर मला कळलं, की या बाईने प्रकाशाला चालताना पाहिलं आहे.

तिचे वडील लोटननाना एसटीत ड्रायव्हर होते. घरात एमएस्सी झालेली ती पहिलीच. २०१६ साली तिला दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला जागा मिळाली. तिथे परदेशातून आणलेला एक कॅमेरा होता. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचेही शेकडो तुकडे करून टिपणारा. पण एका वेळी त्याला समोरच्या दृश्याची एकच बारीक रेघ दिसायची. म्हणून लेसरची चमक कोट्यवधी वेळा सोडायची, आरसा केसभर हलवून पुढची रेघ घ्यायची आणि शेवटी सगळ्या रेघा जोडायच्या.

दोन वर्षं आरसे जुळवण्यात गेली. मग एका दुपारी वीतभर काचपात्रात, चार थेंब दूध घातलेल्या पाण्यातून, उजेडाचा गोळा डावीकडून उजवीकडे सरकत गेला. दिपमाला खुर्चीवरून उठलीच नाही. मग तिने ती चित्रफीत नानांना पाठवली.

नानांचा लगेच फोन आला. "बेटा, हाऊ उजेड इतला धीरे का चालस? घाटमा गाडी चढस तसा!"

"नाना, तो धीरे नही चालस. आम्हीच त्याले धीरे करी दखाडतस."

नानांनी अमळनेर डेपोत सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना मोबाइल दाखवला. "मन्ही पोरनी उजेड धरा," ते म्हणत, जणू पोरीने तो मुठीत पकडला होता.

पण एका चित्रफितीवर शोधनिबंध होत नाही. मोजमापं पक्की करून तोच प्रयोग पुन्हा करायचा होता. कॅमेऱ्यापुढे प्रकाश मंद करणारी एक काळी काच असे. तिचा सहकारी चंदन याने एका सकाळी आरसे जुळवताना ती काढली होती. त्या दुपारी दिपमाला कामावर आली आणि तिने कॅमेऱ्याची झडप उघडली. पडदा क्षणभर पांढरा झाला. नंतर आलेल्या प्रत्येक चित्राच्या मधोमध एक काळा डाग होता. कॅमेऱ्याची प्रकाश टिपणारी नळी आतून जळली होती.

"काच मी परत लावली होती," चंदन त्यांच्या मार्गदर्शक सरांना म्हणाला.

नोंदवहीत त्या वेळेपुढे दिपमालाचं नाव होतं. उघडण्याआधी काच स्वतः पाहायची, हा नियम भिंतीवर लिहिलेला होता. तिने पाहिली नव्हती.

"मला खात्री होती," ती सरांना म्हणाली.

"खात्री नको होती, बघायला हवं होतं," सर म्हणाले. त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

ती नळी बनवणं कंपनीने थांबवलं होतं. नव्यासाठी अर्ज गेला, कागद फिरत राहिले, तेवढ्यात टाळेबंदी आली. ती उठेपर्यंत सर निवृत्त झाले होते. दुसऱ्या मार्गदर्शकांनी तिला वेगळा विषय घ्यायला सांगितलं. पाठ्यवृत्तीचे सहा महिने उरले होते. २०२१ च्या उन्हाळ्यात ती प्रबंध अर्धवट टाकून अमळनेरला परतली. नाना स्टेशनवर न्यायला आले. त्यांनी तिची बॅग उचलली. उजेडाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी एका नव्या प्रयोगशाळेने तिला मुलाखतीला बोलावलं. मीच तिला आग्रह करून पाठवलं होतं. समोरच्या तरुण प्राध्यापकाने चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली.

"सुंदर आहे. पण मॅडम, आता हे एकाच चमकेत होतं. कोट्यवधी वेळा चमक सोडावी लागत नाही. तुम्ही त्या पद्धतीवर काम केलंय?"

"वाचलंय."

"छापलेलं काही?"

"नाही."

त्याने तिला चहा विचारला. तेवढ्यावरून तिला कळलं, ही जागा आपल्याला मिळणार नाही.

परत आल्यावर तिने मला हे सगळं सलग सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. "चंदनचा राग येत नाही?" मी विचारलं.

"पूर्वी यायचा. आता वाटतं, त्याने खरंच लावली असेल. मीच हलवली असेल. आठवत नाही, गं. आधी आठवायचं, आता तेही पुसलं गेलं."

त्यानंतर तिने कुठेच अर्ज केला नाही.

या जानेवारीत मी वर्गाबाहेर तिचा तास संपायची वाट बघत उभी होते. आत ती फळ्यावर प्रकाशाचा वेग लिहीत होती. मयुरी नावाच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, उजेड जाताना कुणाला दिसू शकतो का?"

दिपमालाने खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता ती सांगेल.

"अभ्यासक्रमात नाही ते," ती म्हणाली. "लिहून घ्या."

मुलींनी माना खाली घातल्या आणि आकडा उतरवून घेतला.