घोडे धुणारा आणि माझी लेक

मैत्रिणींनो, एक विचारायचं आहे.

आज दुपारी लेकीसोबत घोड्यांच्या शर्यतीचा एक जुना पिक्चर पाहत होते. शर्यतीआधी कोणीतरी घोड्याला विष घालतं. लेक लगेच म्हणाली, "आई, या घोडे धुणाऱ्यानंच मारलं."

"काऊन वं?"

"आपल्या बाबासारखा दिसते ना!"

आम्ही गोंड. पिक्चरभर आमच्यासारखा तोच एक, त्याला नावही नव्हतं.

हे भद्रावतीला एका कॉलनीत वॉचमन आहेत. तिथे काल चोरी झाली. आज सकाळी पोलिसांनी चौकशीला पहिले यांनाच बोलावलं.

पिक्चरमध्ये गुन्हेगार घोड्याचा मालक निघाला. पण तोवर घोडे धुणाऱ्यानं मार खाल्ला होता.

संध्याकाळ झाली, यांचा फोन बंद आहे. खरं सांगा, तुम्हाला आधी कोणाचा संशय आला असता?