बटणांच्या डबीतल्या अकरा फ्रेम

मी चिटणीस असलेल्या चित्रपट मंडळात त्यांना सगळे ‘ऑपरेटर’ म्हणत. दर रविवारी सकाळी ते प्रोजेक्टर चालवत आणि खेळानंतरच्या चर्चेला दाराशी उभे राहत. आम्ही दिग्दर्शकाच्या दृष्टीविषयी बोलत असू. त्यांचे मत एवढेच: “संथ आहे म्हणता, साहेब. पण अनोळखी माणसाच्या तोंडाकडे नीट बघायला तेवढा वेळ लागतोच.”

मंडळाच्या कपाटात कापडगिरणीवरील एका जुन्या माहितीपटाची प्रत होती. तीत एक कामगार स्त्री चार सेकंद मागावरून मान वर करून पाहते. ती ऑपरेटरांची आई. ते सहा वर्षांचे असताना ती गेली. घरी तिचा एकही फोटो नव्हता. गिरणीतल्या कोणालाही तो माहितीपट कधी दाखवला गेला नाही. ज्यांचे जगणे आपण पडद्यावर पाहतो, त्यांना ते दाखवणे आपले कर्तव्य आहे, हे मला फार उशिरा उमगले.

सभागृह रिकामे झाले की ऑपरेटर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चालवत. फिल्म झिजली आणि नेमकी तिथेच तुटू लागली. तुटली की फाटक्या फ्रेम कापायच्या, टोके जोडायची, कापलेले नोंद करून रिळाच्या डब्यात ठेवायचे, असा नियम. ऑपरेटरांनी ते तुकडे घरी बटणांच्या डबीत ठेवले. तेवीस वर्षांत अकरा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद.

प्रत दुरुस्तीसाठी संग्रहालयाला द्यायचे ठरले, तेव्हा शेवटच्या खेळाला त्यांनी थोरल्या बहिणीला आणले. आजवर तिने येणे टाळले होते.

“खुर्च्या तरी बऱ्या ठेवायच्या,” ताई बसताना म्हणाली.

आई पडद्यावर आली आणि ताई पुढे झुकली. दिवे लागल्यावर तिने विचारले, “अरे, ती हसणार होती ना? ओठ हलले होते. मग एकदम खाली कशी बघायला लागली?”

ऑपरेटर तिला घरी घेऊन गेले. तिथे काय झाले ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कचेरीत सांगितले. खिडकीच्या उजेडात भिंग धरून ताईने अकराही फ्रेम पाहिल्या. सगळे हसू त्यांतच होते.

“आई काय तुझ्या एकट्याची होती रे, गाढवा?” एवढेच ती म्हणाली.

ते सांगत असताना ताई शेजारीच बसली होती. ऑपरेटरांनी डबी माझ्या टेबलावर रिकामी केली, तुकडे क्रमाने लावून पाकिटात भरले.

“नियम मी मोडला, साहेब. संग्रहालयाच्या पत्रात तसं लिहा.”

मी लिहिले.

“एखादी तरी ठेव तुझ्याकडे,” ताई हळूच म्हणाली.

“ठेवली तर तेवढं हसू कमी पडेल.” त्यांनी पाकीट चिकटवले.

“दुरुस्त झाल्यावर दाखवशील ना?”

“दाखवीन. पण खुर्चीबद्दल बोलायचं नाही.”