बाटलीच्या लेबलामागचं अक्षर

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. जहाजाला रेंज आहे तोवर बोटं पळवतो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या!

झालं असं. पोलीस खात्यातल्या निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं क्रूझवर आलोय. सूनबाईने बॅगेत नाशिकच्या वाइनची एक बाटली घालून दिली होती. चढतानाच तपासणीत अडवलं. "सर, बाहेरची बाटली जमा करावी लागेल, उतरताना परत मिळेल." गार्डने बाटलीच्या गळ्यात लेबल अडकवलं. केबिन नंबर, नाव, सही. मी सही करायच्या आधी लेबल उलटं करून बघितलं. गार्ड हसला. बायको म्हणाली, "अहो, पोलीस ठाणं जळगावलाच ठेवून यायचं होतं!"

पण ते लेबल हातात आलं आणि एक जुनी केस डोळ्यांसमोर उभी राहिली. लाखेच्या वासासकट.

तेव्हा मी धरणगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असताना निनावी फोन आला. अमुक गावात जहाजावर नोकरी करणारा पोरगा सुट्टीवर आलाय, त्याच्याकडे चोरीची परदेशी दारू आहे. फोनवाला गावचाच असणार. एखाद्याचं पोरगं परदेशी कमवायला लागलं की असे फोन येतातच.

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि गेलो. त्याच्या घरी कापसाच्या खोलीत, गंजीमागे, शर्टात गुंडाळलेली बाटली निघाली. एकच! गळ्यात लेबल. त्यावर केबिन नंबर, एका परदेशी माणसाचं नाव आणि सही. लेबल दोरीने आणि चिकटपट्टीने बाटलीला घट्ट, मागची बाजू दिसतच नव्हती.

आमचे हवालदार नाना एकदम खूश. "साहेब, चिठ्ठीच बोलस! माल दुसरानाच शे."

"नाना, चोर चिठ्ठीसकट माल ठेवील का?"

"जहाजवरला चोर ठेवत असतीन!"

नानांनी जागेवरच लेबलावर कागद चढवला, लाख ओतली, सील मारलं, पंचांच्या सह्या घेतल्या. काम एकदम टापटीप.

पोराला ठाण्यात आणलं. मागून त्याचा बाप आला. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ. दारूच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलणारा माणूस, हे गावच सांगत होतं. पोरगा दहा दिवसांनी परत जहाजावर हजर होणार होता. गुन्हा दाखल झाला असता तर पोलीस व्हेरिफिकेशन अडकलं असतं आणि नोकरी गेली असती. हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तरी पठ्ठ्या गप्प!

"बाटली कुठून आणली?" "कुणाची आहे?"

शेवटी बापच उठला. "बोल ना रे! तोंडमा काय मूग भरेल शेतस?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, मना पोऱ्यानी चोरी करी का? इतलंच सांगा."

त्या वेळी पोराने मान खाली घातली, पण माझ्याकडे बघून नाही. बापाच्या माळेकडे बघून. नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो, बापासमोर पोरगा एक वेळ गुन्हा कबूल करेल, लाज कबूल करणार नाही. मी म्हणालो, "आबा, तुम्ही जरा नानांबरोबर चहा घेऊन या."

आबा बाहेर गेले आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला.

त्याच्या जहाजावर एक म्हातारा प्रवासी एकटाच आला होता. बायकोबरोबर उघडायची म्हणून जपलेली वाइन घेऊन. बायको आधीच गेलेली. बाटली नियमाप्रमाणे जमा झाली, शेवटच्या दिवशी परत मिळाली, आणि त्याने ती ह्याच्या हातात दिली. रोज खोली आवरणाऱ्या ह्या पोराला म्हणाला, "तुझा बाप आहे ना? मग त्याच्यासोबत बसून उघड."

"साहेब, मी हो म्हटलं. त्यांना नाही कसं म्हणणार? पण घरी आबांच्या गळ्यात माळ. आता कुठे ठेवू ती?"

"हे सगळं खरं कशावरून?"

"लेबलाच्या मागे त्यांनीच लिहून दिलंय. उतरताना आमच्याही बॅगा तपासतात ना!"

लेबलाच्या मागे! आणि त्यावर आमचीच लाख!

पंचांना परत बोलावलं, पंचनामा करून स्वतःचंच सील फोडलं. लेबल उलटं केलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ही बाटली मी ह्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना भेट देत आहे. खाली सही. पुढच्या सहीशी अगदी जुळणारी. नाना चष्मा पुसत बसले.

आबांना आत बोलावून मीच सगळं सांगितलं. त्यांनी लेबलामागच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग पोराला म्हणाले, "शब्द दिधा ना तू त्या म्हाताराले? मंग बसूत. तू तुनी बाटली उघाड, मी मनं ताक लिसू."

पोरगा वेळेवर जहाजावर गेला. जाण्याआधी खळ्यात दोघं समोरासमोर बसले होते. एकाच्या हातात वाइन, दुसऱ्याच्या हातात ताकाचा पेला. मला नानांनी सांगितलं. तेही होते तिथे, ताकावरच!

त्या दिवसापासून आमच्या ठाण्यात सील मारण्याआधी वस्तू चारी बाजूंनी वाचायची सवय लागली. माझी तर जन्माची लागली. आज तो गार्ड हसला, हसू दे.

तुमच्याकडेही आहे का अशी एखादी गोष्ट, प्रेमाने आणलेली आणि घरच्यांपासूनच लपवलेली? आणि शेवटी समोर बसून उघडलीत का?